डॉक्टरांनी काढलेला बुलबुल

ज्या माणसाला दात काढता येतात त्याला पक्षी काढणं अवघड नाही, असं डॉक्टरांनी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. दाताला मुळं असतात, हाड असतं, शिवाय दाताचा मालक खुर्चीचे हात धरून बसलेला असतो. पक्ष्याचं तसं काही नाही. तो बागेत येतो, फांदीवर बसतो, माणसानं बघायचं आणि कागदावर उतरवायचं.

"पक्ष्याला भूल देता येत नाही," एवढंच बाई म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या.

बाई म्हणजे डॉक्टरांची बायको. शाळेत विज्ञान शिकवायच्या म्हणून सगळी आळी त्यांना बाई म्हणायची. हळूहळू डॉक्टरही म्हणायला लागले. लग्नाच्या सुरुवातीला ते त्यांना नावानं हाक मारत, पण त्या हाकेला ओ यायला वेळ लागायचा. 'बाई' म्हटलं की सवयीनं लगेच मान वर व्हायची.

डॉक्टर दातांचे. माणूस हुशार, हात हलका, मनानं निर्मळ. दोष एकच, आणि तो धंद्यानं दिलेला. आयुष्यभर ते ज्यांच्याशी गप्पा मारत आले त्या सगळ्यांच्या तोंडात कापूस होता. समोरचा 'आँ' म्हणाला की डॉक्टर त्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावायचे आणि पुढे बोलायचे. त्यातून यंत्राच्या घुर्र आवाजानं डावा कान मंद झालेला. ऐकू यायचं, पण मधले मधले शब्द गळायचे. गळलेल्या जागा डॉक्टर मनानं भरत. दाढा भरण्याचा हात होताच.

पक्ष्यांचं वेड एकाएकी लागलं नव्हतं. त्यामागे विहीणबाई होत्या.

डॉक्टरांच्या लेकीच्या सासूबाई शहरातल्या मोठ्या संग्रहालयात जुन्या चित्रांची डागडुजी करायच्या. शतकापूर्वीचं काजळलेलं चित्र त्यांच्या टेबलावर यायचं आणि धुतल्या चेहऱ्यानं परत जायचं. विहीणबाई मितभाषी. एकदा सगळे जेवायला जमले असताना डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, "चांगलं चित्र ओळखायचं कसं?" त्या म्हणाल्या होत्या, "मी आधी पाठ बघते. कापड, खिळे, लाकूड. पुढून चित्र काहीही सांगतं." डॉक्टरांनी ते वाक्य जपून ठेवलं आणि पुढच्या भेटीत, काहीतरी बोलायचं म्हणून, आपणही चित्रं काढतो असं सांगून टाकलं. विहीणबाईंनी भुवई वर करून विचारलं, "काय काढता?" डॉक्टरांची नजर खिडकीबाहेर गेली. तिथे कावळा होता. "पक्षी," ते म्हणाले.

आता लेकीचा फोन आला होता. सासूबाई कुठल्याशा परिषदेला जाणार होत्या, वाटेत एक दुपार डॉक्टरांकडे थांबणार होत्या.

"बाबा, एक सांगू? रागावू नका," लेक म्हणाली. "त्यांच्यासमोर चित्रकलेवर बोलू नका. त्या काही म्हणत नाहीत, पण घरी आल्यावर माझ्याकडे अशा बघतात की मला उगाच अपराधी वाटतं."

"बोलणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दाखवणार आहे."

महिन्याभराचा अवधी होता. डॉक्टरांनी घोडी आणली, म्हणजे कॅनव्हास ठेवायची तीन पायांची लाकडी तिवई. रंगांच्या नळ्या आणल्या, चपटे-गोल ब्रश आणले आणि चित्रकार घालतात तशी, बाजूला दोरी असलेली एक टोपी आणली. बागेच्या कोपऱ्यात, मेंदीच्या कुंपणाला पाठ करून घोडी उभी केली आणि समोर स्टूल टाकून बसले.

पहिल्याच सकाळी बुलबुल आला. डोक्यावर तुरा, शेपटीखाली लाल ठिपका, अगदी पुस्तकातल्यासारखा. डॉक्टरांनी ब्रश उचलला. बुलबुल उडाला. परत आला, डॉक्टरांनी तुरा काढायला घेतला, तोवर त्यानं पाठ केली. शेपूट काढायला घेतली तर तोंड केलं.

"हलू नका," डॉक्टर त्याला म्हणाले. "दोन मिनिटं. झालंच."

सवयीनं ते असं अहो-जाहो करत. बुलबुल मात्र सवयीनं हलत राहिला. आठवडाभरात कॅनव्हासवर जे जमलं त्यात तपकिरी रंगाचा एक धष्टपुष्ट गोळा होता. त्याला वर तुरा होता, त्यामुळे तो बटाटा नाही हे कळत होतं. डोळा उघडा काढला तर तो माशाचा दिसायला लागला, म्हणून डॉक्टरांनी तो मिटवला. शेपटी कॅनव्हासमध्ये मावली नाही. पाय व्हायचे होते. पायांना डॉक्टर घाबरून होते.

मग एक दिवस दुपारी ते क्लिनिकमधून जेवायला घरी आले, हात धुऊन सरळ बागेकडे निघाले, तर बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून हातवारे करायला लागल्या. घरात धुण्याचं यंत्र शेवटच्या गरगरीत होतं आणि बाई कुजबुजत होत्या. बाईंना कुजबुजताना डॉक्टरांनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ते थबकले.

कानावर जे आलं ते असं: "अहो... अजिबात हात लावू नका त्याला... जसं आहे तसं राहू दे... किती सुंदर झालंय..."

मधले शब्द यंत्रानं खाल्ले. डॉक्टर जागच्या जागी उभे राहिले.

एवढ्या वर्षांच्या संसारात बाईंनी त्यांच्या कुठल्याच कामाला सुंदर म्हटलं नव्हतं. स्वतःच्या दाढेचं काम त्यांनी डॉक्टरांकडून करून घेतलं तेव्हाही आरशात बघून "ठीक आहे" म्हणाल्या होत्या. आणि आज खिडकीतून, हात जोडल्यासारखे करून, कुजबुजत. आवाज बसला असणार बिचारीचा, भावनेनं.

"खरंच?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी जोरजोरात मान हलवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"पण पाय राहिलेत," डॉक्टर म्हणाले.

"पाय येतील आपोआप," बाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त लांब राहा."

डॉक्टर जेवायला बसले. कुठे थांबावं हे ज्याला कळतं तोच कलावंत, असा एक विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना फार आवडला.

संध्याकाळी येऊन बघतात तर बाईंनी घोडीभोवती कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती आणि पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं: 'शांतता राखा. दोरीच्या आत येऊ नये.'

"कुणीच?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणीच. तुम्हीसुद्धा," बाई म्हणाल्या. "मागच्या बाजूला कुंपणाशी थोडी जागा सोडलीय. बघायचं तर तिथून, लांबून. तुम्ही बघून आलात ना?"

"मी काय बघायचं त्यात," डॉक्टर हसून म्हणाले. "मीच केलंय."

बाईंना वाटलं, हे विनोद करतायत. डॉक्टरांचे विनोद त्या ऐकून सोडून देत असत. हाही दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे पोस्टमास्तर आले. सेवानिवृत्त, सकाळभर फाटकाशी उभे राहून रस्ता तपासणारे. त्यांना बाईंनी सांगितलं असावं. ते चपला काढून, कुंपणाच्या कडेनं, चिखलात पाय टाकत मागच्या बाजूला गेले आणि तिथेच तोंडावर हात धरून उभे राहिले.

डॉक्टर व्हरांड्यात बसून पाहत होते. पोस्टमास्तर पुढून बघेनात, मागून बघत होते. क्षणभर डॉक्टरांना चमत्कारिक वाटलं. मग विहीणबाईंचं वाक्य आठवलं आणि पोस्टमास्तरांबद्दलचा आदर एकदम वाढला. जन्मभर टपाल हाताळलेला माणूस, पण पाठ आधी बघायची असते हे त्याला ठाऊक होतं.

पोस्टमास्तर हलक्या पावलानं व्हरांड्यात आले. "डॉक्टर, नशीबवान आहात."

"नशीब कसलं," डॉक्टर म्हणाले. "रोज सकाळी बैठक मारून केलेलं काम आहे."

"तुम्ही समोर बसून असायचात? आणि तिनं काही तक्रार नाही केली?"

"कुणी, बाईंनी? तिला सवय आहे."

पोस्टमास्तरांनी यावर थोडा विचार केला. "आता अजून किती दिवस धरायचे?"

"याला घाई करून चालत नाही. आतून व्हावं लागतं."

"खरंय. उबवावंच लागतं."

डॉक्टरांना हा शब्द इतका पसंत पडला की त्यांनी तो तत्काळ आपलासा केला. त्या दिवसापासून कुणी विचारलं, हल्ली काय चाललंय, तर ते म्हणायचे, "एक चित्र उबवतोय."

बातमी पसरली. आळीतली माणसं येऊ लागली, ओळखीची आली, मग ओळखीच्यांच्या ओळखीची. सगळी चपला काढून, चिखलातून मागे जात, श्वास रोखून बघत आणि कुजबुजत परतत. कुणी डोळे पुसत होतं. एक आजीबाई काठी टेकत आल्या, बराच वेळ बघून डॉक्टरांना म्हणाल्या, "माझी थोरली झाली तेव्हाची आठवण झाली हो." डॉक्टरांना स्वतःच्या चित्रात मातृत्व आहे याची कल्पना नव्हती, पण कलाकृती कलावंताच्या पलीकडे जाते असं म्हणतातच. ते आजीबाईंना म्हणाले, "मलाही काढताना तसंच काहीसं वाटत होतं." आजीबाई त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि काठी टेकत निघून गेल्या.

स्वतः मागे जाऊन बघावं असं डॉक्टरांना वाटलं नाही. मागे असून असणार काय, कोरं कापड आणि चार खिळे. शिवाय आपल्याच चित्रासाठी चिखलात रांगेत उभं राहणं बरं दिसत नाही. ते टोपी घालून व्हरांड्यात बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मानेनं नमस्कार करत. बुलबुल सारखा घोडीच्या वरच्या कडेवर येऊन बसे, टुणकन मागे उतरे, परत येई. त्यालाही आपलं चित्र आवडलेलं दिसत होतं. आता तर तो बायकोलाही घेऊन यायला लागला होता.

मग बाईंनी आपला वर्ग आणला. मुलं-मुली दोन-दोनच्या रांगेत कुंपणाशी उभी राहिली आणि बाई त्यांना दबक्या आवाजात समजावू लागल्या. डॉक्टरांनी चांगला कान त्या बाजूला केला. "...एकटीचं काम नाही हे. दोघांनी मिळून केलंय. त्यानं आणून दिलं, तिनं रचलं..."

डॉक्टर अवघडले. चित्रात बाईंचा वाटा होता असं त्यांना वाटत नव्हतं. पण मग आठवलं, ब्रश धुवायचं तेल बाईंनीच आणून दिलं होतं, घोडीचा लंगडा पायही त्यांनीच पुस्तक घालून सावरला होता. पोरांसमोर बायकोनं थोडं श्रेय घेतलं तर काय बिघडलं? त्यांनी मोठ्या मनानं मान डोलावली.

रांगेतली एक चुणचुणीत मुलगी त्यांच्यापाशी आली. "काका, खायला कोण घालतं?"

"यातून खायला मिळत नसतं, बेटा," डॉक्टर म्हणाले. "खाण्यासाठी दवाखाना आहे. हा छंद."

मुलीनं बाईंकडे जाऊन काहीतरी सांगितलं. बाईंनी डॉक्टरांकडे एक नजर टाकली आणि पुढे शिकवायला लागल्या.

क्लिनिकमध्येही तोच विषय. डॉक्टर एका गृहस्थांची दाढ कोरत होते आणि सिस्टर, म्हणजे त्यांची मदतनीस, फोनवर आलेला आळीचा संदेश वाचून दाखवत होती. "हे बघा सर. 'डॉक्टरांच्या बागेत आवर्जून जाऊन या. चित्राच्या मागे जे आहे ते पाहून मन भरून येतं. निसर्गाहून मोठा कलाकार नाही.'"

"शेवटचं वाक्य जरा अतिशयोक्तीचं आहे," डॉक्टर म्हणाले. त्यांना ते 'निसर्गाहून मोठा कलाकार' एवढंच ऐकू आलं होतं. "पण पहिलं मार्मिक आहे. चित्र सगळेच बघतात. चित्राच्या मागे जे आहे, तो भाव, तो बघणारे किती असतात?" त्यांनी दाढवाल्या गृहस्थांकडे पाहिलं. "काय?"

"आँ," गृहस्थ म्हणाले.

"अगदी बरोबर."

संदेशाबरोबर फोटोही होता. सिस्टरनं फोन समोर धरला. डॉक्टरांच्या डोळ्यांवर जवळचं बघायचा जाड चष्मा होता. त्यातून त्यांना एक तपकिरी गोळा दिसला. आपला बुलबुल त्यांनी लगेच ओळखला.

ठरलेल्या दुपारी विहीणबाई आल्या. अंगावर करड्या रंगाची साधी साडी, हातात लहान पेटी, खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले. बाई शाळेतून यायच्या होत्या. डॉक्टरांनी पाणी दिलं, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि मग राहवेना म्हणून म्हणाले, "चित्रकलेवर मी बोलणार नाहीये. लेकीला शब्द दिलाय. तुम्ही फक्त बघा."

"चला," विहीणबाई म्हणाल्या.

दोरीपाशी येताच त्यांनी पुठ्ठा वाचला, घोडी बघितली आणि न सांगता चपला काढून कुंपणाच्या कडेनं मागच्या बाजूला गेल्या. डॉक्टर समोरच्या बाजूला, दोरीबाहेर, हात मागे बांधून उभे राहिले. आता त्यांना विहीणबाईंचा फक्त चेहरा कॅनव्हासच्या वर दिसत होता. तो चेहरा, जो सहसा कशानंच बदलत नसे, हळूहळू मऊ झाला.

बराच वेळ गेला.

"अप्रतिम," विहीणबाई अगदी हळू म्हणाल्या.

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यात यापुढे काही नाही मिळालं तरी चालेल असं त्यांना वाटलं.

"किती दिवस झाले?" विहीणबाईंनी विचारलं.

"महिना होत आला. मध्ये उबवत होतो."

विहीणबाईंनी वर पाहिलं, मग पुन्हा खाली. "डोळे अजून उघडलेले दिसत नाहीत."

"ते मुद्दाम मिटलेले ठेवलेत," डॉक्टर कबुलीच्या सुरात म्हणाले. इतक्या जाणकार बाईंपासून काय लपवायचं? "उघडे जमत नाहीत मला. माशासारखे होतात."

"तिघांचेही?"

"तिघांचे म्हणजे? एकच आहे."

"तीन आहेत, डॉक्टर."

डॉक्टरांनी चित्राकडे पाहिलं. एकच गोळा होता. "तुम्ही कदाचित पंखाला दुसरा पक्षी समजलात," ते सौम्यपणे म्हणाले. "पुष्कळांचं होतं तसं."

जुन्या चित्राचा वरचा थर जपून सोडवताना माणूस थांबतो तशा विहीणबाई थांबल्या. मग त्यांनी बोटानं खूण केली. "इकडे या. सावकाश. चपला काढून."

डॉक्टर चिखलातून मागे गेले आणि त्यांनी पहिल्यांदाच आपल्या चित्राची पाठ बघितली.

घोडीची आडवी पट्टी आणि कॅनव्हासची चौकट यांच्या बेचक्यात, काड्या, सुकी पानं आणि डॉक्टरांच्या ब्रशपुसणीच्या दोन-तीन रंगीत चिंध्या विणून केलेली एक वाटी बसली होती. कुणीतरी मापं घेऊन बसवल्यासारखी. त्यांची सावली पडताच वाटीतून तीन माना वर आल्या आणि तीन तोंडं आ वासून उघडली.

उभ्या आयुष्यात डॉक्टरांनी हजारो उघडी तोंडं पाहिली होती. इतकी मनापासून उघडलेली एकही नव्हती. आत नुसता लाल रंग. एकाही तोंडात दात नव्हता आणि दुखतंय अशी कुणाचीच तक्रार नव्हती.

डॉक्टर बघत राहिले. बघता बघता त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक जण जायला लागला. तोंडावर हात धरलेले पोस्टमास्तर. काठीवाल्या आजीबाई, आणि आपण त्यांना काय म्हणालो. ती चुणचुणीत मुलगी. दाढवाले गृहस्थ सोडून सगळ्यांना माहीत होतं. कदाचित त्यांनाही. ते 'आँ' तेच असावं.

कान गरम झाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"हे... कधीपासून आहे इथे?" त्यांनी विचारलं.

विहीणबाईंना सगळं समजलं. त्या हसल्या नाहीत. ओठाचा एक कोपरा किंचित हलला, एवढंच. "आता पुढची बाजू बघू," त्या म्हणाल्या.

"नको," डॉक्टर म्हणाले. पण त्या निघाल्याही होत्या.

दोघं समोर येऊन उभी राहिली. विहीणबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, लावला आणि दोरीवरून वाकून चित्र पाहिलं. डॉक्टर खुर्चीतल्या पेशंटसारखे उभे होते. फरक एवढाच की धरायला खुर्चीचे हात नव्हते.

"वरचा थर कुणी खराब केलाय का?" विहीणबाईंनी विचारलं.

"नाही. मूळचाच असा आहे."

"हं."

बुलबुलाची मादी चोचीत अळी घेऊन आली, चौकटीच्या वरच्या कडेवर क्षणभर बसली आणि मागे उतरली. मागून चिवचिव झाली.

"हा उजवीकडचा पांढरा फटकारा," विहीणबाई चित्राच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा धीट आहे. हात न थरथरता, एका दमात वरून खाली. बाकी चित्रात असं धाडस कुठे दिसत नाही."

डॉक्टरांनी त्या फटकाऱ्याकडे पाहिलं. वरच्या कडेपासून सुरू होऊन बुलबुलाच्या तुऱ्यापर्यंत ओघळलेला, मध्ये जरा करडा. तो त्यांच्या ब्रशचा नव्हता. कुणाचा होता हे आता ओळखायला विशेष अभ्यास लागत नव्हता.

मिळालेलं एकमेव कौतुक. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पदरात पडलं असतं. डॉक्टरांचं तोंड 'तो आपोआप आला' असं म्हणायला उघडलंही. पण मग त्यांना लेकीचा फोनवरचा आवाज आठवला आणि ते उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"तो माझा नाही," ते शेवटी म्हणाले. "तो तिचा आहे."

"माहीत आहे," विहीणबाई म्हणाल्या. "जन्मभर मी तेच पुसत आलेय."

आणि मग त्या हसल्या. आवाज न करता, पदर तोंडाशी धरून, खांदे हलेपर्यंत. डॉक्टरांनी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनाही हसू यायला लागलं. मोठ्यानं हसायची सोय नव्हती, समोर पुठ्ठ्यावर शांतता राखा लिहिलं होतं. व्याही-विहीण दोघं बागेत तोंडं दाबून उभी असताना फाटक वाजलं आणि बाई आत आल्या.

"काय झालं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"बाई, चित्रामागे घरटं आहे," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, विहिणीकडे पाहिलं आणि पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे इतके दिवस तुम्ही टोपी घालून व्हरांड्यात बसत होतात ते..."

"थंडी वाजत होती," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी आणखी विचारलं नाही. आत जाऊन त्यांनी चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरातून एकटीच्या हसण्याचा आवाज येत राहिला.

त्या संध्याकाळी डॉक्टर चित्रकलेवर एक अक्षर बोलले नाहीत. विहीणबाईच बोलल्या. काजळी कशी काढतात, जुनं वार्निश कसं विरघळवतात, कुठे हात थांबवायचा. डॉक्टर ऐकत होते. दाताच्या मुळाशी पोहोचताना आपल्यालाही तसंच थांबावं लागतं, असं ते मध्ये एकदाच म्हणाले. विहीणबाईंनी त्यावर दोन प्रश्न विचारले, आणि उत्तरं नीट ऐकून घेतली. निघताना त्या म्हणाल्या, "पिल्लं उडाली की ते चित्र मला द्याल?"

डॉक्टरांना वाटलं कान पुन्हा दगा देतोय. "कुठलं, ते?"

"तेच. माझ्या कामाचं आहे."

पिल्लं उडाली. सगळ्यात धाकटं कुंपणावर बसून बरंच विचारात पडलं, पण शेवटी तेही गेलं. बाग ओस पडली. पोस्टमास्तर पुन्हा रस्त्याकडे वळले. व्हरांड्यापर्यंत आता कुणी येत नसे. बाईंनी रिकामं घरटं अलगद सोडवून शाळेत नेलं, काचेच्या कपाटात ठेवलं. डॉक्टरांनी चित्र कापडात गुंडाळून पाठवून दिलं. पाय काढायचे राहिले ते राहिलेच.

पुढे काही दिवसांनी लेकीचा फोन आला.

"बाबा, तुम्ही सासूबाईंना काय केलंत? परवा जेवताना आपणहून म्हणाल्या, तुझे वडील सरळ माणूस आहेत. त्यांनी कुणाला असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं."

"आणि चित्र?" डॉक्टरांनी विचारलं. "लावलं कुठे त्यांनी?"

"लावलं नाही, बाबा. त्यांच्याकडे शिकायला नवीन मुलं येतात ना, त्यांना डाग काढायला, थर सोडवायला सरावाला काहीतरी लागतं. असं, की ज्याचं आणखी काही बिघडणार नाही. सासूबाई म्हणतात, इतकं योग्य चित्र त्यांना आजवर मिळालं नव्हतं. आणि बाबा, रागावू नका..."

"बोल."

"त्यातल्या तिघांनी बुलबुल खरवडून पाहिला. त्यांना खात्री होती की खाली कुणाचं तरी चांगलं चित्र असणार."

डॉक्टरांनी फोन ठेवला. मग आवरून क्लिनिकला गेले.

हल्ली कुणी विचारलंच, डॉक्टर, त्या चित्राचं पुढे काय झालं, तर ते खरं तेच सांगतात. म्हणतात, "ते संग्रहालयात गेलं. नवीन मुलांना अभ्यासाला ठेवलंय." ऐकणारा थक्क होतो. आणि डॉक्टर घाईघाईनं दुसरा विषय काढतात.